गाठीचा शेजार

“सात महिने झाले. इतकं औषध पोटात गेलं, आणि ही बया बसलीच आहे पाय पसरून,” माझी मावससासू तफीदा इस्पितळाच्या बाकावर माझ्या कानाला लागून कुरकुरली. “एवढं मी एखाद्या पाहुणीला ऐकवलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून गेली असती ती.”

कुरकुर माझ्या सासूबाईंच्या पोटातल्या गाठीबद्दल होती. सासूबाई, म्हणजे हाज्जा इन्शिराह, तीन बाकं सोडून विणकाम करत बसल्या होत्या. म्हणून खाला तफीदानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडासमोर धरलं होतं.

एकट्याच्या बळावर या जगात कोणीही मोठं होत नाही. थोर माणसांच्या चरित्रात हे पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं: घरच्यांचे संस्कार, शेजाऱ्यांचा आधार, अनुकूल वातावरण. गाठीचंही अगदी तसंच आहे. ती एकटी असती तर पहिल्या सलाईनलाच संपली असती. ती टिकते, वाढते आणि नावारूपाला येते ती भोवतालच्या सज्जनांच्या जोरावर. औषध हरतं ते गाठीपुढे नव्हे, तिच्या शेजारापुढे.

कैरोच्या उत्तरेला असलेल्या आमच्या दुमयात शहरात दोन गोष्टी उत्तम होतात: सोनेरी मुलाम्याच्या कोरीव खुर्च्या आणि गुप्तता. (खुर्च्या बाहेरगावी जातात. गुप्तता घरच्या वापराला लागते.) वाईट आजाराचं नाव इथं कोणी घेत नाही. ‘वाईट आजार’ म्हणायचं आणि लगेच ‘लांब राहो’ म्हणायचं. तो कोणाला झाला तर आजारी माणूस सोडून बाकी सगळ्यांना सांगायचा, अशी रीत आहे. नाव ऐकलं की माणूस खचतो. खचला की लवकर जातो. तेव्हा नाव न सांगणं हा उपचाराचाच भाग झाला. या तर्कात कुठेही फट नाही. मी शोधून पाहिली आहे.

रमजान संपला तेव्हा हाज्जांचा आजार किती जणांना ठाऊक आहे याची मी मोजदाद केली. घरचे अकरा. आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यातले सुतार सहा. गल्लीतली माणसं सदतीस. आणि कोपऱ्यावर मशब्बक तळणारा फिकरी. (मशब्बक म्हणजे आमच्याकडची जिलबी. फिकरीला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्यानं सांत्वनाची म्हणून एक किलो पाठवली, ती तपासणीचा निकाल यायच्या आदल्या दिवशी.) एकूण पंचावन्न. ठाऊक नसलेल्या: एक.

त्या एकीसाठी पित्ताशयाला सूज आल्याचं ठरवण्यात आलं.

या कामाचा मुख्य भार माझ्या नवऱ्यानं उचलला. शौकी हाज्जांचा थोरला मुलगा, हाताचा पक्का कारागीर. त्यानं औषधांच्या बाटल्यांवरची नावं लाकूड खरवडायच्या पात्यानं काढली आणि वर ‘पित्तासाठी’ अशी चिठ्ठी चिकटवली. सगळ्याच बाटल्यांवर एकच चिठ्ठी असल्यानं खोकल्याचं औषधही दीड महिना पित्तासाठी घेतलं गेलं. पित्त उत्तम राहिलं. केमोला ‘ताकदीचं सलाईन’ असं नाव मिळालं. हाज्जांचे केस गेले ते नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी. पाणी सगळ्यांचं एकच असल्यामुळे शौकीनं स्वतःचंही डोकं भादरून घेतलं. त्यानं क्षारांची बाजू बळकट झाली.

राहता राहिली इस्पितळातली पाटी. सलाईनच्या दालनाच्या दारावर आजाराचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. शौकीनं कारखान्यातून एक कोरीव पडदा आणून पाटीसमोर उभा केला: सोनेरी वेली, दोन मोर, मधोमध ‘सुस्वागतम’. इस्पितळाला तो इतका आवडला की त्यांनी तो परत नेऊ दिला नाही. त्यानंतरच्या महिन्यात त्या दालनात चौदा जण चुकून येऊन बसले. त्यांतले तिघं लग्नाचा हॉल समजून आले होते, आणि एक जोडपं तर तारीख ठरवूनच गेलं.

असा सगळा बंदोबस्त असताना गाठ तसूभर हलली नाही, हे त्या दिवशीच्या स्कॅनमध्ये दिसलं आणि डॉक्टर बहगतनी आम्हाला आत बोलावलं. आम्ही नऊ जण गेलो. हाज्जा बाहेर विणत राहिल्या. (रुग्णाला आत घेतलं असतं तर खुर्ची कमी पडली असती.)

डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला.

“ही गाठ. तुम्हाला वाटतं आत सगळ्या बिघडलेल्या पेशी आहेत. नाही. स्वादुपिंडाच्या गाठीत बिघडलेल्या पेशी दहातला एखाद-दुसरा भाग. बाकी सगळी वस्ती साध्या, घरंदाज पेशींची.”

“मग चांगलंच आहे की,” शौकी म्हणाला.

“तिथंच तर घोळ आहे.”

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या मनात त्या वस्तीबद्दल फार आदर निर्माण झाला. शरीरात काही पेशींचं कामच मुळी जखम रफू करणं. गाठ त्यांना निरोप धाडते, ‘इथं जखम आहे हो.’ त्या बिचाऱ्या धावत येतात आणि रफू करू लागतात. जखम नसतेच, त्यामुळे ती भरतही नाही, त्यामुळे रफू थांबत नाही. धाग्यावर धागा, थरावर थर. सात महिन्यांत अशी घट्ट भिंत उभी राहते की आतल्या दाबानं रक्तवाहिन्या चेंगरून मिटतात. औषध हातातल्या नळीतून निघतं ते रुबाबात. गाठीच्या दारापर्यंत येतं, आणि पुढं गल्लीच बंद. मग ते नाइलाजानं बाकीच्या शरीरात फिरतं आणि डोक्यावरचे केस काढून परत जातं.

“पण या रफूवाल्या पेशी वाईट नाहीत ना?” मी विचारलं.

“अजिबात नाहीत. त्यांना वाटतं आपण सेवा करतोय.”

शौकीनं समजल्यासारखी मान हलवली आणि बाहेर वाकून पाहिलं. हाज्जांच्या शेजारी एक बाई येऊन बसली होती आणि काहीतरी विचारू पाहत होती. त्यानं धाकट्या भावाला खूण केली. भाऊ जाऊन दोघींच्या मधोमध बसला.

“आत हवा पोचत नाही,” डॉक्टर पुढं सांगू लागले. “मग बिघडलेल्या पेशी काय करतात? निजतात. आपलं औषध धावपळ करणाऱ्या पेशींना पकडतं. निजलेल्यांना ते ओळखतच नाही. पुढं सावकाश उठतात, ताज्यातवान्या.”

“माझे व्याही असंच करतात,” खाला तफीदा म्हणाली. “काम निघालं की डोळे मिटतात.”

“आणि शरीराचे पहारेकरी?” मी विचारलं. “ते पकडत नाहीत त्यांना?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पहारेकरी पेशी येतात, म्हणाले. अगदी पकडायच्या तयारीनं येतात. पण गाठीचा पाहुणचार असा असतो की थोड्या वेळात त्या आपलं काम विसरतात आणि उलट दारावर गाठीच्याच बाजूनं उभ्या राहतात. नव्यानं कोणी पकडायला आलं, तर त्याला त्याच परतवून लावतात.

(हे सांगताना डॉक्टरांचा आवाज किंचित खाली गेला. ते परदेशातून शिकून आले तेव्हा रुग्णाला सगळं खरं सांगायचं, असं त्यांचं ठाम मत होतं. ते सांगायला पहिल्या महिन्यात आमच्या घरीही आले होते. दारात शौकीनं त्यांच्या हातातली बॅग घेतली. खाला तफीदानं कांदा-मनुका भरलेलं बदक वाढलं. मी वर पांढरं चीज आणि खरबूज दिलं. हाज्जांनी स्वतः विचारलं, “पोरा, मला नेमकं झालंय तरी काय?” डॉक्टरांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा बदकाकडे, आणि म्हणाले, “पित्ताची सूज, हाज्जा.” तेव्हापासून कोणी नवा डॉक्टर आला की ते त्याला स्वतःच बाजूला घेऊन समजावतात.)

“यावर नवं औषध आलंय,” डॉक्टर म्हणाले. “ते गाठीवर चालत नाही. तिच्या भोवतीच्या भिंतीवर चालतं. भिंत सैल झाली की जुनं औषध आत शिरेल.”

“सैल कशाला? पाडाच ना,” खाला तफीदा म्हणाली.

“पाडून पाहिली लोकांनी. गाठ मोकाट सुटली. तीच भिंत गाठीला सांभाळते आणि तीच अडवूनही धरते. म्हणून सैलच करायची. जपून.”

औषध अजून बाजारात नव्हतं. कैरोच्या एका संशोधनात मोजक्या रुग्णांना ते मिळणार होतं आणि एकच जागा उरली होती. गुरुवारी दुपारी बारापर्यंत हाज्जांचा अर्ज भरला नाही तर ती जागा अस्यूतच्या एका रुग्णाला जाणार. “आणि मग?” शौकीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, मग ताकदीचं सलाईन. ते पहिल्यांदाच खरोखरच्या ताकदीच्या सलाईनबद्दल बोलत होते. खोलीत नऊ माणसं होती. पुढचा प्रश्न एकानंही विचारला नाही.

“अर्जावर सही लागेल,” ते म्हणाले. “हाज्जांची. वाचून.”

त्या वाक्यानं कुटुंबात जी घबराट पसरली ती गाठ सापडली तेव्हाही पसरली नव्हती.

संमतिपत्र चौदा पानांचं होतं आणि त्यात तो शब्द त्रेचाळीस वेळा आला होता. शौकीनं कारागिराच्या नजरेनं पाहणी केली आणि दुरुस्ती शक्य असल्याचं जाहीर केलं. दोन दिवस बसून आम्ही पत्र नव्यानं टंकून घेतलं आणि त्रेचाळीसही ठिकाणी ‘पाहुणा’ असा शब्द घातला. मजकूर वाईट झाला नव्हता. ‘पाहुण्याचा आकार तीस टक्क्यांनी कमी झाल्यास उपचार चालू ठेवण्यात येतील.’ ‘पाहुणा यकृतात मुक्कामाला गेल्यास त्वरित कळवावे.’ ‘पाहुण्याचा तुकडा काढून तो काचपट्टीवर तपासण्यात येईल.’ शेवटच्या वाक्यावर खाला तफीदा म्हणाली की आपल्याकडे पाहुण्याला असं वागवलेलं तिनं तरी कधी ऐकलं नाही. कैरोहून उत्तर आलं, ‘सदर संशोधनात पाहुण्यांचा समावेश नाही.’

दुसरा उपाय म्हणून खाला तफीदालाच हाज्जा म्हणून पाठवायचं ठरलं. बहिणी दिसायला सारख्या. सहीचा सराव झाला. सही तर हाज्जांच्या सहीहून सुबक जमली. बुधवारी सकाळी खाला आत गेली, पहिल्या पानाची दुसरी ओळ वाचली आणि चक्कर येऊन पडली. तपासणीत तिला साखर निघाली, रक्तदाब निघाला, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. (संशोधनाचा आमच्या कुटुंबाला आजवर झालेला हा एकमेव फायदा.) साखरेची बातमी तिच्यापासून लपवण्याविषयी लगेच बैठक बसली. पण ती बैठकीला स्वतःच हजर असल्यानं विषय तहकूब झाला.

संशोधनाचे कागद बघणारी इनास नावाची एक मुलगी होती. वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिला बदक चालत नव्हतं. चीज चालत नव्हतं. मी मशब्बकचा पुडा पुढं केला तर म्हणाली, “ताई, ड्यूटीवर नाही खात.” असं माणूस आमच्या पाहण्यात प्रथमच आलं.

“नुसती सही नको,” तिनं सांगितलं. “आपल्याला काय झालंय, हे रुग्णानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. ते मी लिहून घेणार. नियम आहे.”

“लिहायला मी सांगतो ना,” शौकी म्हणाला.

“तुम्हाला झालंय का?”

“मी मुलगा आहे त्यांचा.”

“ते कळलं डोक्यावरून,” इनास म्हणाली. “उद्या बाराच्या आत घेऊन या त्यांना.”

गुरुवारी अकरा वाजता आम्ही हाज्जांना तिच्या टेबलासमोर बसवलं. मागे नऊ जण उभे. दारात डॉक्टर बहगत. शौकीनं शेवटची तरतूद करून ठेवली होती: आजाराचं डॉक्टरी भाषेतलं लांबलचक नाव त्यानं आईकडून पाठ करून घेतलं होतं, ते सलाईनच्या कंपनीचं नाव आहे असं सांगून. हाज्जांनी ते तीन दिवसांत बिनचूक पाठ केलं होतं. एकदाही कशाला म्हणून विचारलं नव्हतं. त्यांच्या स्वभावात हे बसत नव्हतं, पण आम्ही ते आज्ञाधारकपणात जमा धरलं.

“हाज्जा,” इनास म्हणाली, “तुम्हाला काय झालंय? तुमच्या शब्दांत सांगा.”

शौकी खोकला. खाला तफीदानं रुमालाचं टोक तोंडासमोर धरलं.

“स्वादुपिंडाचा कॅन्सर,” हाज्जा म्हणाल्या. “पावणेपाच सेंटिमीटर. रक्तवाहिनीला चिकटलाय म्हणून कापता येत नाही. भोवती भिंत धरलीय, म्हणून औषध आत जात नाही. ती आता सैल करायची. हळूच, पाडायची नाही. एवढं पुरे, का मुलानं पाठ करून घेतलेलंही म्हणून दाखवू?”

शौकीनं माझ्याकडे पाहिलं. मी खालाकडे पाहिलं. खालानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर छताकडे पाहत होते.

“अम्मा, कोणी सांगितलं तुला?”

“कोणी कशाला सांगायला हवं? सात महिन्यांत या घरात माझ्याशी कोणी भांडलं का? ही तफीदा चाळीस वर्षं माझ्या बदकात मीठ जास्त म्हणत आलीय. मागं एकदा म्हणाली, ‘ताई, अगदी बेतात पडलंय.’ त्या दिवशी मी ओळखलं, आपलं काही खरं नाही. बाकीचं डॉक्टरांच्या उघड्या दारातून बाकावर ऐकू येत होतं.”

“बेतातच होतं,” खाला पुटपुटली.

“विसरले होते मी मीठ घालायला!” हाज्जा म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं. “आणि ही राविया. सून म्हणून आली त्या दिवसापासून माझ्या पडद्यांना नाक मुरडते. आता म्हणते, ‘तुमच्या पसंतीचेच लावू.’ आणि तू रे? डोकं काय भादरलंस, क्षार काय, पाणी काय. याच गावच्या पाण्यानं मी सत्तर वर्षं डोकं धुतलंय, पोरा.”

“मग बोलली का नाहीस?”

“एवढा पसारा मांडला होतात तुम्ही. मोर काय, वेली काय. कसा मोडायचा? आणि मी बोलले असते तर तुम्ही घाबरला असता.”

(मोजदाद दुरुस्त करावी लागली. ठाऊक असलेले: छप्पन्न. हाज्जांना ठाऊक आहे हे ठाऊक नसलेले: पंचावन्न. फिकरीबद्दल मला अजून खात्री नाही.)

मग खोलीत एकदम मोकळं झालं. खाला तफीदा रडली, मग हसली, मग म्हणाली की त्या दिवशी बदक खरोखरच अळणी होतं आणि तिनं ते गिळलं कसं हे तिचं तिलाच ठाऊक. हाज्जा म्हणाल्या, “आत्ता कुठं बहिणीसारखी बोललीस.” शौकीनं आईच्या हाताचं चुंबन घेतलं आणि कारखान्यात फोन लावला, “कळलं तिला, कळलं!” पलीकडून सहा सुतारांनी अभिनंदन केलं. डॉक्टर बहगत पुढं येऊन म्हणाले की रुग्णाला सत्य सांगावं असं त्यांचं पहिल्यापासून मत होतं. हाज्जांनी चौदाही पानांवर सह्या केल्या. शब्द उच्चारला गेला, आकाश कोसळलं नाही, काम फत्ते झालं. आम्ही खुर्च्या सरकवून निघायच्या तयारीला लागलो.

वाचकांनाही इथं हायसं वाटलं असेल. तिला कळणार की नाही, कधी कळणार, कसं कळणार, ही काळजी आपण पहिल्या ओळीपासून आमच्या बरोबरीनं वाहिलीत. त्याबद्दल कुटुंब आपलं आभारी आहे आणि शेजारात आपलं स्वागत आहे. (या सगळ्यात तिला स्वतःला कसं वाटत असेल, हे आपण मध्येच थांबून एकदाही विचारलं नाहीत. संकोच नको. आम्हीही विचारलं नव्हतं. सात महिन्यांत.)

“बसा,” इनास म्हणाली. “एक ओळ राहिली.”

“कुठली?”

“शेवटच्या पानावरची. ‘हे सर्व समजल्यावर रुग्णाला काय वाटतं?’ कोरी राहिली तर कैरोहून अर्ज परत येतो.”

भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती.

“बरं वाटतं,” शौकी म्हणाला. “लिहा, बरं वाटतं.”

“परमेश्वराची कृपा आहे, असं लिही गं,” खाला तफीदा म्हणाली.

“रुग्णाची मनःस्थिती समाधानकारक,” डॉक्टर बहगत म्हणाले.

“त्या खूप धीराच्या आहेत,” मी म्हणाले. हे मीच म्हणाले.

इनासनं पेन खाली ठेवलं नाही आणि आमच्यातल्या कोणाकडे पाहिलंही नाही. ती टेबलावरून पुढं झुकली.

“हाज्जा, मी तुम्हाला विचारलं.”

हाज्जांनी चष्मा काढला. तो मांडीवर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. शौकीनं तोंड उघडलं तेव्हा त्यांनी मागं न बघता नुसता हात वर केला.

“ओळ केवढी आहे?” त्यांनी विचारलं.

“लहान आहे. पण तुम्ही सांगा, मी मावेल तसं लिहीन.”

“मला मरायचं नाहीये, पोरी,” हाज्जा म्हणाल्या. “आणि मला फार भीती वाटतेय.”